कुलपातल्या सर्व्हरची नवमी

१

सर्व्हर मेला, असा फोन आला तेव्हा मी भंडाऱ्यात माझ्या दुकानात एका प्रिंटरशी भांडत होते. लाखनीला जाऊन पाहते तर सर्व्हर ठणठणीत. दिवे लागलेले, पंखे फिरतायत, फक्त तो कुणालाच ओळखायला तयार नाही. मेलेलं मशीन मला परवडतं, सरळ बदलता येतं. जिवंत असून तोंड न उघडणाऱ्या मशीनचा मला मनापासून वैताग येतो, कारण त्याच्याभोवती नेहमी तशीच माणसं असतात.

धान उत्पादकांची ही सहकारी संस्था महामार्गाला लागून आहे. आवारात कचेरी, मागे गिरणी, फाटकाशी धान तोलायचं काटाघर. कोंढ्याला आणि एकोडीला शाखा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडली आणि थोड्याच वेळात लाखनीत एकाही संगणकावर कुणाला आत शिरता येईना. धान विक्रीच्या नोंदणीची मुदत संपत आलेली. आवारात सातबारे हातात धरून शेतकरी खोळंबलेले, आणि मी पोहोचेपर्यंत प्रत्येकाचं आपापल्या अकलेने सर्व्हर बंद-चालू करून झालेलं.

"कोणी काय केलं?" मी विचारलं.

"काईच नाई केलं," चार-पाच जण एकदम म्हणाले. हे उत्तर मला रोज मिळतं.

सचिव गोपीचंद हटवार यांनी मला आपल्या खोलीत बसवलं आणि नाव विचारलं. रश्मी गजभिये, मी म्हटलं. आडनाव ऐकून ते जरासे थांबले, मग त्यांनी पाणी मागवलं. हे थांबणं माझ्या ओळखीचं आहे. राग येतो, पण कामावर काढत नाही.

"मॅडम, आमच्याच माणसानं घात केला," ते म्हणाले. "संघपाल रामटेके. आमचा संगणकवाला. संध्याकाळपर्यंत त्याचा काई खुलासा आला नाई तं मी ठाण्यात तक्रार देऊन राहिलो. नोकरी तं गेलीच त्याची."

कारण विचारलं तर त्यांनी सांगितलं ते असं. खंडेनवमीला संस्थेत यंत्रांची पूजा असते. गिरणीपासून संगणकापर्यंत सगळं बंद, सगळ्यांना हळदकुंकू, आणि दसरा उलटेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. सर्व्हरची मशीन सहायक भूपेंद्रने बंद केली. पूजा गोपीचंदभाऊंनी केली, खोलीला कुलूपही त्यांनीच लावलं आणि चावी करदोड्याला बांधली. संघपाल त्या दिवशी पहाटेच दीक्षाभूमीला गेलेला होता, घरच्यांसोबत, दरवर्षीसारखा. एकोडीला हर्षा नावाची नवी मुलगी कामावर आली होती. तिचं खातं उघडायचं राहिलं होतं.

"आज आल्यावर त्याले विचारलं तं सांगते, नवमीच्या दुपारी नागपूरहून लॅपटॉप लावून लाखनीच्या सर्व्हरवर खातं खोललं. बंद मशीनवर, मॅडम. कुलपाच्या आत. भूपेंद्रनं सर्व्हरवरचे नावं पायले तं हर्षाचं नावच नाई. काम केलं नाई, खोटं बोलला, आणि खोटं झाकासाठी सर्व्हर तोडला."

मी एकोडीला फोन लावला. हर्षानेच उचलला.

"माझं खातं? चालते की, मॅडम. नवमीपासून काम करून राहिली मी."

तिच्याकडच्या सर्व्हरवर काय उघडायचं ते मी तिला एकेक करून सांगितलं. ती वाचत गेली. खातं नवमीच्या दुपारी तयार झालेलं होतं.

"आणि कोणत्या सर्व्हरवर तयार झालं, ते बघ."

"लाखनी," ती म्हणाली. "लाखनी लिवून आहे, मॅडम."

२

एवढं कळल्यावर कुणीही शांत बसून विचार केला असता. मला तेवढी सवड कुठली. सर्व्हरच्या खोलीतून आवाज आला, "होते आता, मी जुनी कॉपी चढवतो," आणि मी चहा टाकून पळाले.

भूपेंद्र म्हणजे तिशीतला, नाकासमोर चालणारा माणूस. हातात पोर्टेबल डिस्क. एक बटण दाबलं की काम सुरू होणार होतं. मी काही न बोलता मशीनच्या मागची नेटवर्कची वायर उपटली.

"मॅडम, हे काय?"

"हात मागे घे आधी."

इथे थोडं समजावून सांगावं लागेल, कारण सगळं पाणी इथेच मुरलं होतं. हा जो सर्व्हर, डोमेन कंट्रोलर, तो संस्थेचा दरवान. कुणीही संगणकावर नाव आणि पासवर्ड टाकला की तो संगणक दरवानाला विचारतो, हा आपला माणूस आहे का. या संस्थेला दोन दरवान, एक लाखनीला, दुसरा एकोडीला. नवा माणूस आला, कुणाचा पासवर्ड बदलला की दोघं एकमेकांना कळवतात आणि प्रत्येक खबरीला क्रमांक देतात. एकोडी लक्षात ठेवतो की लाखनीच्या नऊशेपर्यंतच्या खबरी ऐकून झाल्या, आता नऊशे एकपासून सांग.

आता लाखनीच्या दरवानाला कुणी सातशेच्या वेळचा करून ठेवला तर? पुढची खबर तो सातशे एक म्हणून देणार. एकोडी म्हणणार, ही तर मी ऐकलीय, आणि कान बंद करणार. दोघांच्या डोक्यात वेगवेगळी माणसं, आणि दोघांनाही वाटतं आपलंच बरोबर. असा घोटाळा लक्षात आला की शहाणा सर्व्हर स्वतःच दार लावून घेतो. लाखनीच्या सर्व्हरने सकाळी नेमकं तेच केलं होतं. त्याच्या नोंदीत स्वच्छ लिहिलं होतं की एकोडी मला माझ्याच पुढचं सांगतोय. ती नोंद वाचायची तसदी न घेता सगळ्यांनी त्याला पुन्हा पुन्हा बंद-चालू केलं होतं.

"आणि तू त्याच्यावर आणखी जुनी कॉपी चढवणार होतास," मी भूपेंद्रला म्हटलं. "गोंधळ दुप्पट झाला असता. एकोडी तेवढा शाबूत आहे, तोही नासवायचा होता का?"

"मले का माहीत, मॅडम. बाकी कोणती बी फाईल खराब झाली तं जुनी कॉपी टाकतोच आपण."

"ही कॉपी केव्हाची?"

"नवमीची," तो म्हणाला. "सहज घेऊन ठेवली होती."

३

संघपाल काटाघराजवळच्या बाकावर बसला होता. कुणी त्याच्या शेजारी बसलेलं नव्हतं. सकाळी गोपीचंदभाऊंनी आवारात, सगळ्यांच्या देखत, त्याला लबाड म्हटलं होतं.

"नवमीला काय केलंस, नीट सांग."

"तीनदा सांगून झालं, मॅडम." त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "हर्षाचा फोन आला, खातं नाई म्हणून. मी लॅपटॉप लावला, लाखनीले जोडलो, खातं खोललं. लाखनीनं उत्तर देल्लं म्हणून खोललं. बंद असता तं मी एकोडीवर खोललं असतं, मले का फरक पडते?"

"साहेब म्हणतात बंद होता."

"साहेबाच्या कुलपावर सगळ्याईचा इस्वास आहे. माज्यावर नाई. घरी आई विचारून राहिली, तू का केलं म्हणून. तिले बी मी काय सांगू?"

मला या माणसासाठी वाईट वाटलं आणि त्याहून जास्त चीड आली. खरं सांगणाऱ्याला तेच खरं पुन्हा पुन्हा सांगायला लावायचं आणि मग म्हणायचं, तेच ते सांगतोय. पण चिडून केस सुटत नाही. दोन्ही बाजूंनी कुणीच खोटं बोलत नसेल तर काय, असा विचार मी करून पाहिला.

फाटकावर डोमा बसतो, संस्थेचा जुना चौकीदार. त्याच्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत.

"सर्व्हरच्या खोलीत दसऱ्यापर्यंत कोणी गेलं का?"

"चिटपाखरू नाई. त्या खोलीचा मेन स्विच मीच पाडला. एरवी तेथून घुंईऽ असा आवाज येते, तो बी नव्हता. गोपीचंदभाऊ त्यात हयगय करत नाईत." त्याने हात पुढे केला. "हे बोटं नवमीलेच गेले. गिरणीचा पट्टा चालूच ठेवला होता त्या वक्ती. भाऊच मले दवाखान्यात घेऊन गेले. तवापासून नवमीले एक बी मशीन फिरू देत नाईत ते."

म्हणजे कुलूप खरं होतं आणि मशीन खरोखरच बंद होती. गोपीचंदभाऊंवरचा माझा राग थोडा उतरला, पण कोडं आणखी बिकट झालं.

मग मला कोंढा आठवला. कोंढ्याच्या शाखेत सर्व्हर नाही, तिथले संगणक फक्त लाखनीलाच विचारतात. म्हणूनच आज लाखनी गप्प बसल्यावर कोंढाही ठप्प होता. मी तिथल्या तुलारामला फोन केला.

"नवमीला तुमच्याकडे सुट्टी होती?"

"कायची सुट्टी, मॅडम. नोंदणीची मुदत होती ना. शाखांचे संगणक पूजेत नव्हते. दसऱ्याच्या दिवशी बी दुपारपर्यंत बसलो."

"सकाळी आत जाताना काही अडचण?"

"काईच नाई. आजच अडून बसले."

मी फोन ठेवला. लाखनीचा सर्व्हर कुलपात बंद होता. त्याच वेळी तो कोंढ्याच्या माणसांना आत सोडत होता आणि नागपूरहून जोडलेल्या संघपालचं ऐकत होता. याचा एकच अर्थ निघत होता. लाखनीचे सर्व्हर दोन होते.

४

हा सर्व्हर म्हणजे लोखंडाचा डबा नव्हे. मोठ्या मशीनच्या पोटात तो फाईल म्हणून राहतो. फाईल असल्यामुळे तिची नक्कल करता येते, ती दुसऱ्या मशीनवर नेऊन चालवता येते, आणि नाव-पत्ता तोच असल्याने बाकी कुणाला काही कळत नाही. तेव्हा दुसरा लाखनी याच आवारात, याच नेटवर्कवर, कुठल्या तरी दुसऱ्या मशीनवर चालला होता. पण नवमीला आवारातल्या प्रत्येक मशीनची पूजा झालेली, सगळी बंद. मग चाललं कोणतं?

मी कचेरीत फिरून एकेक संगणक पाहिला. प्रत्येकावर हळदकुंकवाची बोटं, सुकलेलं झेंडूचं फूल. प्रिंटरवरही. पंख्याच्या बटणावरसुद्धा. मग काटाघरात गेले. बाहेरून येणारी नेटवर्कची वायर आधी तिथेच उतरते. तिथे टेबलाखाली एक काळी करकरीत मशीन होती. तिच्यावर कुंकवाचा ठिपकाही नव्हता.

"ही नवीन आली," भूपेंद्र माझ्या मागोमाग येऊन म्हणाला. "आज सकाळीच."

"डोमा, ही केव्हा आली?"

"हिचा खोका तं घट बसायच्या आधीपासून येथंच होता," डोमा दारातून म्हणाला. "भूपेंद्रभाऊ त्याच्यावर डब्बा ठेवून जेवत."

मी गोपीचंदभाऊंना बोलावून घेतलं, संघपाललाही. भूपेंद्रकडे पाहून म्हटलं, "मी सांगू, की तू सांगतोस?"

मग मीच सुरुवात केली.

"नवमीच्या सकाळी तू आधी आतला सर्व्हर बंद केलास. मोठी मशीन तेवढी चालू ठेवून त्याची फाईल या डिस्कवर उतरवलीस. मग मशीन बंद केली, भाऊंनी पूजा केली, कुलूप लावलं. सगळं रीतसर. त्यानंतर तू इथे येऊन ही मशीन खोक्यातून काढलीस आणि ती नक्कल हिच्यावर चालू केलीस. दोन दिवस लाखनीचा दरवान इथे बसला होता. हर्षाचं खातं त्याच्यावर उघडलं, त्याने एकोडीला कळवलं. आज पहाटे तू हा बंद केलास आणि कुलपातला चालू झाला. त्याला बिचाऱ्याला हर्षा माहीतच नाही. तो नवमीच्या सकाळी झोपला आणि आज उठला. एकोडीने त्याला पुढच्या खबरी सांगितल्या, तेव्हा त्याने दार लावून घेतलं. नव्या सॉफ्टवेअरला असली अदलाबदल ओळखता येते. तुमचं जुनं आहे."

भूपेंद्र खाली स्टुलावर बसला.

"पूजेतल्या मशीनले मी हात नाई लावला, भाऊ," तो गोपीचंदभाऊंना म्हणाला. "ही तं खोक्यात होती. हिची पूजाच झाली नव्हती. म्हणून म्हटलं, हिच्यावर चालवलं तं पाप नाई."

"पण मले विचाराचं ना," गोपीचंदभाऊ म्हणाले.

"तुमीच म्हणले होते. मशीन फिरली नाई पायजे आणि कोंढ्याची नोंदणी थांबली नाई पायजे. दोनी गोष्टी एका दमात म्हणले. मी दोनी केल्या."

गोपीचंदभाऊंना आठवलं असावं. त्यांनी चष्मा काढला.

"आणि सकाळी याला बोलत होते, तेव्हा तू कुठं होतास?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता आणि मला तो उतरवायचा नव्हता.

"तेथंच होतो." भूपेंद्र संघपालकडे बघत नव्हता. "मले वाटलं, देवाचाच कोप झाला माज्यावर. म्हटलं गुपचूप कॉपी चढवून देतो, सर्व्हर चालू होईन, मंग सगळं आपोआप मिटून जाईन."

"कोप-बिप काही नाही," मी म्हटलं. "क्रमांक चुकले. आणि तोंड न उघडल्यामुळे एक माणूस ठाण्यात जाणार होता."

संघपाल इतका वेळ भिंतीला टेकून ऐकत होता. "मॅडम, एकोडीचा नीट आहे ना?" एवढंच त्याने विचारलं.

५

कामाला आम्ही दोघंच बसलो. भूपेंद्र मदत करू म्हणाला, मी त्याला चहा आणायला पाठवलं.

गोपीचंदभाऊ दारात उभे होते. त्यांना घाई होती, शेतकरी ओरडत होते. "मॅडम, त्या दोनातला एखादा चालू करून द्या ना. काटाघरातला तं पुढचा आहे. तोच चालवू."

"नाही. कुलपातल्याला दोन दिवसांचं माहीत नाही आणि काटाघरातल्याला आज सकाळचं. दोघंही लाखनी म्हणूनच बोलणार, आणि कोणता केव्हा काय बोलला याचा आता भरवसा नाही. त्यांना पुन्हा नेटवर्कवर आणायचं नाही. कधीच."

संघपालने एकोडीच्या सर्व्हरचा रीतसर बॅकअप आधी घेतला. मग लाखनीकडे जे मुख्य अधिकार होते ते एकोडीच्या नावे केले, म्हणजे निदान एक दरवान तरी पूर्ण अधिकाराचा झाला. कोंढ्याच्या आणि इथल्या संगणकांना त्याने तात्पुरतं एकोडीला विचारायला लावलं. थोड्या वेळात खिडकीतून आवाज आला की नोंदणी सुरू झाली. मग एकोडीच्या यादीतून जुन्या लाखनीचं नाव मुळासकट पुसलं. आज सकाळी दार लागायच्या आधी रोखपालाने पासवर्ड बदलला होता, तो एकोडीला पोचला नव्हता, तेवढा पुन्हा लावला. दोन्ही जुन्या फाईली काढून टाकल्या, भूपेंद्रच्या डिस्कवरची सुद्धा. शेवटी मोठ्या मशीनवर कोरा सर्व्हर उभा केला आणि त्याला एकोडीकडून सगळं पहिल्यापासून शिकायला बसवलं.

या कामात हुशारीपेक्षा सबुरी लागते. संघपालकडे ती होती. एकही पायरी त्याने गाळली नाही, आणि प्रत्येक पायरीआधी माझ्याकडे वळून विचारलं. सकाळी ज्याला सर्व्हर तोडणारा म्हटलं होतं, तो माणूस हे करत होता, आणि मला राहून राहून त्याच्या आईची आठवण येत होती. तिला मी पाहिलेलंही नव्हतं.

गोपीचंदभाऊ आत आले. संघपालच्या मागे येऊन थांबले.

"संघपाल, तक्रार काई देत नाई मी," ते म्हणाले. "तुजी नोकरी आहे तशीच आहे. जे झालं ते झालं. नवमीच्या आधी जसं होतं तसंच समज, आपण तेथून पुढं चालू."

संघपालचे हात थांबले.

"साहेब, या सर्व्हरनं तसंच केल्यानं तं हे बिघडलं."

गोपीचंदभाऊंना आधी कळलं नाही, मग कळलं. त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं आता चिडतील. ते चिडले नाहीत.

"मंग का करू?" त्यांनी विचारलं. सचिव म्हणून नव्हे, खरोखर माहीत नसल्यासारखं विचारलं.

"सकाळी तुमी मले आवारात बोलले. माज्या गावचे लोकं होते तेथं. एकोडीचे, कोंढ्याचे, सगळे." संघपाल पडद्याकडे बघतच बोलत होता. "येथं खोलीत बोलून त्याईले काई समजत नाई. तेथं जाऊन बोला."

त्यांनी खिडकीतून रांगेकडे पाहिलं. मग वळून बाहेर गेले.

खिडकीतून मला आवार दिसत होतं. गोपीचंदभाऊ रांगेच्या मधोमध जाऊन थांबले. एका ट्रॅक्टरवाल्याला त्यांनी हाताने इंजिन बंद करायला सांगितलं. काय बोलले ते महामार्गावरच्या ट्रकांच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. पण बोलायला त्यांना वेळ लागला, मधेच एकदा थांबले, आणि नंतर रांगेतली माणसं एकेक करत आमच्या खिडकीकडे वळून पाहू लागली.

"संघपाल, बघ," मी म्हटलं.

त्याने वर पाहिलं नाही. चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि विचारलं, "मॅडम, एकोडीहून आलं का सगळं?"

"येऊन राहिलं," मी म्हटलं.